जुन्नर–आंबेगावच्या शाळा आणि दूरसंवादाची साधने : १९५६ ते २०२१

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेस जुन्नर व आंबेगाव हे दोन तालुके शेजारी शेजारी वसलेले आहेत. कुकडी, मीना, पुष्पावती व घोड या नद्यांची खोरी सह्याद्रीच्या कड्यापासून पूर्वेकडे उतरत जातात. जसजसे पूर्वेकडे जावे, तसतसा पाऊस कमी होतो, जमीन सपाट होते, रस्ते रुंदावतात आणि बाजारपेठा मोठ्या होतात. नारायणगाव, आळेफाटा व मंचर ही गावे पुणे–नाशिक मार्गावरील गजबजलेली व्यापारी केंद्रे होत. याउलट नाणेघाट, आहुपे व भीमाशंकर यांच्या बाजूस महादेव कोळी समाजाच्या वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या आहेत. दोन्ही तालुक्यांचा हा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. एकाच तालुक्यात अशा दोन दुनिया नांदत असल्यामुळे येथील शाळांकरिता कोणतीही योजना आखताना 'तालुका' हे एकक पुरेसे ठरत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय असलेल्या मोबाइलच्या योजनेस तर ही गोष्ट विशेषत्वाने लागू पडते.

मोबाइल शाळाशाळांतून कसा न्यावा, हा प्रश्न वरवर पाहता अगदी अलीकडचा वाटतो. परंतु दूरचा आवाज व दूरचे ज्ञान गावापर्यंत यंत्राने पोचविण्याचे प्रयत्न या जिल्ह्यात निदान सात दशके चालू आहेत. त्या प्रयत्नांचा क्रमवार विचार केल्यास असे दिसून येते की, प्रत्येक वेळी यंत्र नवे होते आणि अडचणी मात्र बहुतांशी जुन्याच होत्या. यंत्र कोणाच्या ताब्यात राहावे, ते बिघडल्यास दुरुस्त कोणी करावे आणि ऐकणाऱ्यास उलट बोलण्याची सोय आहे की नाही, हे ते तीन प्रश्न होत. या प्रश्नांची उत्तरे ज्या योजनेने आधी शोधली ती फलद्रूप झाली. ज्या योजनेने ती पुढे ढकलली तिची यंत्रे कपाटात गेली. हे विधान पुढील विवेचनात तपासून पाहावयाचे आहे.

कारभाराची चौकट

'स्कूल डिस्ट्रिक्ट' या नावाने अमेरिकेत जी संस्था ओळखली जाते, तिचे निवडून आलेले मंडळ असते आणि बहुधा स्वतःच्या कराचे उत्पन्नही असते. आपल्याकडे तशी संस्था नाही. मुंबई इलाख्यात १९२३च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे दिला. पुढे १९४७च्या कायद्याने जिल्हा शाळा मंडळांची नवी घडी बसविली. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६१चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम आला आणि १ मे १९६२ पासून ग्रामीण प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडे आल्या. १९९०च्या दशकात काही शाळांचा मिळून एक गट, त्याची एक केंद्रशाळा आणि त्यावर एक केंद्रप्रमुख अशी रचना रूढ झाली.

या चौकटीत एक दुभंग आहे. पश्चिम पट्ट्यातील अनेक मुले जिल्हा परिषदेच्या वाडीवरील लहान शाळेत शिकतात, तर अनेक मुले निवासी आश्रमशाळांत जातात. शासकीय आश्रमशाळा शिक्षण खात्याच्या नव्हे, तर आदिवासी विकास विभागाच्या कक्षेत येतात. त्यांचे प्रकल्प कार्यालय आंबेगाव तालुक्याचे ठाणे असलेल्या घोडेगावी आहे. एकाच घरातील दोन भावंडे अशा प्रकारे दोन खात्यांच्या योजनांत विभागली जातात. एका खात्याने दिलेले साधन दुसऱ्या खात्याच्या शाळेत पोचत नाही. सुटीत घरी आलेल्या मुलास गावच्या शाळेतील साधन वापरण्याचा हक्क आहे की नाही, हेही कोणी ठरविलेले नसते. साधनांच्या वाटपाची चर्चा करण्यापूर्वी ही वस्तुस्थिती ध्यानात घेणे अवश्य आहे.

१९५६ : श्रोतामंडळांचा प्रयोग

पुण्याचे आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झाले. त्यानंतर तीनच वर्षांनी, फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात, युनेस्कोच्या साहाय्याने या केंद्रावरून एक प्रयोग करण्यात आला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या तत्कालीन पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत ग्रामीण श्रोतामंडळे स्थापन करण्यात आली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. एकूण २० कार्यक्रम झाले. विषय शेती, आरोग्य, शिक्षण व ग्रामव्यवस्था अशा नित्य व्यवहारातील होते. कल्पना मूळची कॅनडातील होती. तेथे १९४१ पासून शेतकऱ्यांचे गट एकत्र बसून रेडिओ ऐकत आणि ऐकलेल्या गोष्टीवर चर्चा करीत.

या प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. आकाशवाणीचे तत्कालीन महासंचालक जगदीशचंद्र माथुर आणि समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूरथ यांनी लिहिलेला अहवाल युनेस्कोने १९५९ साली प्रसिद्ध केला. मूल्यमापनाची पद्धती आजही अभ्यासण्याजोगी आहे. तुलनेसाठी तीन प्रकारची गावे घेण्यात आली : श्रोतामंडळ असलेली, रेडिओ असून श्रोतामंडळ नसलेली आणि रेडिओच नसलेली. प्रयोगापूर्वी व नंतर ग्रामस्थांच्या मुलाखती घेऊन त्यांच्या माहितीत किती भर पडली हे मोजण्यात आले. श्रोतामंडळ असलेल्या गावांतील वाढ इतर दोन्ही प्रकारांहून स्पष्टपणे अधिक निघाली. केवळ रेडिओ असलेल्या गावास त्या मानाने फारसा लाभ झाला नाही.

या निष्कर्षाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. यंत्र दोन्हीकडे तेच होते, कार्यक्रम तोच होता. फरक यंत्राभोवती उभारलेल्या व्यवस्थेत होता. प्रत्येक मंडळाला अध्यक्ष व चिटणीस असे. चर्चेचा वृत्तांत पुण्यास पाठविला जाई. ग्रामस्थांच्या शंकांना पुढील कार्यक्रमांतून उत्तरे मिळत. म्हणजे गाव नुसते ऐकत नव्हते, ते उलट बोलतही होते. सायंकाळी एकत्र बसण्याची जागा, वेळ व जबाबदार माणूस या तीन गोष्टी ठरल्यानंतरच रेडिओची कळ फिरविली जात होती.

१९५९ साली ही योजना देशभर लागू झाली. मंडळांची संख्या वाढली. परंतु प्रयोगकाळात प्रत्येक मंडळास संघटकांचे जे लक्ष व जी सोबत लाभली होती, ती विस्तारात त्याच प्रमाणात टिकली नाही. प्रयोगात जे काम माणसे करीत होती ते विस्तारात आपोआप होईल असे गृहीत धरण्याची चूक पुढेही अनेकदा झाल्याचे आढळते.

दूरचित्रवाणी, कॅसेट आणि कपाट

१९७५–७६ साली उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा मोठा प्रयोग भारतात झाला. तो सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांपुरता होता आणि त्यात महाराष्ट्राचा समावेश नव्हता. महाराष्ट्रातील शालेय दूरचित्रवाणीचे पर्व १९८४ साली पुण्यात 'बालचित्रवाणी' स्थापन झाल्यापासून सुरू झाले. मुलांकरिता मराठीतून कार्यक्रम निर्माण करणारी ही संस्था २०१७ साली बंद झाली. तेहतीस वर्षे चाललेली निर्मितीची परंपरा त्या वर्षी खंडित झाली, आणि त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत राज्यातील प्रत्येक मूल घरात बसून शिक्षणाचा कार्यक्रम शोधू लागले, हा कालक्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

१९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या योजनेखाली शाळांना रेडिओ-कॅसेट यंत्रे व दूरचित्रवाणी संच देण्यात आले. या वाटपात १९५६च्या धड्याचा विसर पडला होता, असे म्हणावे लागते. संच मोजून दिले गेले. परंतु शाळेच्या वेळापत्रकात त्यांची तासिका कोणती, वीज नसताना काय करावे, सुट्या भागांचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकावा, या प्रश्नांना उत्तरे नव्हती. शिवाय सरकारी मालमत्ता हरवल्यास वा बिघडल्यास जबाबदारी मुख्याध्यापकावर येई. अशा स्थितीत सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे कुलूपबंद कपाट. शिक्षकांच्या अनास्थेकडे बोट दाखवून हा विषय संपविता येत नाही. वापरल्यास शिक्षेचे भय आणि न वापरल्यास काहीच नाही, अशी व्यवस्था जेथे असते तेथे शहाणा मनुष्य कपाटाचीच निवड करतो.

आकाशाकडे लागलेले कान

या इतिहासात जुन्नर तालुक्याचे स्थान एका दृष्टीने असाधारण आहे. नारायणगावजवळील आर्वी येथे १९७१ साली उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. परदेशांशी उपग्रहामार्फत व्यापारी दळणवळण करणारे हे भारतातील पहिले केंद्र होय. त्याला पुढे विक्रम साराभाई यांचे नाव देण्यात आले. त्याच परिसरात खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांपैकी १४ खोडदला एकवटलेल्या आहेत आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या आहेत. दूरच्या आकाशगंगांतील क्षीण रेडिओ लहरी येथे टिपल्या जातात. ही जागा निवडताना रेडिओ गोंगाटाचा अभाव हा एक प्रमुख निकष होता. सुधारित दुर्बिणीचे वारंवारितेचे पट्टे पाहिले असता ८५० ते १०५० मेगाहर्ट्झच्या दरम्यान एक फट दिसते. मोबाइलच्या लहरींची मोठी गर्दी याच भागात असते. खगोलशास्त्र व मोबाइल यांनी एकाच आकाशाची वाटणी कशी करून घेतली आहे, याचे हे बोलके उदाहरण होय.

परंतु येथे एका गैरसमजाचे निराकरण करणे आवश्यक आहे. पश्चिमेकडील वाड्यांत मोबाइलची लहर क्षीण असण्याचे कारण दुर्बीण नव्हे. खोडद नारायणगावच्या पूर्वेस आहे. क्षीण लहरींचा प्रदेश पश्चिमेस आहे. तेथील कारणे दोन : डोंगरांच्या रांगा लहरींना आडव्या येतात, आणि विरळ वस्तीत मनोरा उभारणे कंपन्यांना किफायतशीर होत नाही. पहिले कारण भूगोलाचे आहे, दुसरे अर्थकारणाचे. पहिल्यावर उपाय अभियंत्याने करावयाचा, दुसऱ्यावर शासनाने.

या अभावाची किंमत शिक्षणापुरती मर्यादित नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. गाव नाहीसे झाल्याची वार्ता बाहेर नेली ती नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस.टी.च्या चालकाने. उपग्रह भूकेंद्र आणि जगद्विख्यात दुर्बीण ज्या परिसरात आहे, त्याच परिसरातील एका गावावरील संकटाची खबर जगाला एका बसचालकाकडून कळावी, यात दूरसंवादाच्या विषम वाटपाचा सारा इतिहास सामावलेला आहे.

२०२० : यंत्र घरात, शाळा बंद

२२ जून २०१५ च्या शासननिर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाला. त्या सुमारास जिल्हा परिषदेच्या असंख्य शिक्षकांनी लोकवर्गणीतून शाळा 'डिजिटल' करण्याचा सपाटा लावला. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर संकेत छापण्याची कल्पना राबविली. त्यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. छापील पुस्तक हे प्रत्येक मुलाच्या हाती असलेले एकमेव निश्चित साधन आहे, आणि नव्या यंत्राने त्याच्याच आधाराने चालावे, हा त्या कल्पनेमागील विचार मोलाचा आहे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या उपक्रमाखाली अभ्याससाहित्य व्हॉट्सअॅपवरून रोज पाठविले जाऊ लागले. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. शिक्षकांनी या काळात पुष्कळ श्रम घेतले. परंतु आकडे काय सांगतात ते पाहावे. 'असर'च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातील शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांवर गेले. तथापि पाहणीच्या आठवड्यात शाळेकडून कोणतेही अभ्याससाहित्य मिळालेली मुले साधारण तिसरा हिस्साच होती. २०२१च्या पाहणीत घरी स्मार्टफोन असूनही २६.१ टक्के मुलांना तो वापरावयास मिळत नसल्याचे दिसून आले.

हे आकडे सबंध देशाचे आहेत. परंतु त्यांतील तर्क या दोन तालुक्यांना नेमका लागू पडतो. घरातील फोन हा कमावत्या माणसाचा असतो. पश्चिम पट्ट्यातील पुष्कळ कुटुंबे शेतमजुरीसाठी नारायणगाव–मंचरच्या बागायती पट्ट्यात उतरतात. फोन बापाबरोबर मजुरीला जातो आणि मूल आजीपाशी वाडीवर राहते. जनगणनेच्या अर्थाने घरी फोन असतो. शिक्षणाच्या अर्थाने तो नसतो. १९५६ साली रेडिओ चावडीत होता म्हणून तो सर्वांचा होता. २०२० साली फोन खिशात होता म्हणून तो एकाचाच होता. साधन आकाराने लहान व किंमतीने स्वस्त झाले, पण त्याचबरोबर ते खाजगी झाले. या संक्रमणाकडे योजनाकारांचे पुरेसे लक्ष गेले नाही.

योजनेचा क्रम

इतिहासावरून थेट आज्ञा काढणे धोक्याचे असते. तरीही उपर्युक्त विवेचनावरून काही सूत्रे मांडण्यास प्रत्यवाय नसावा.

पहिले सूत्र एककाचे. योजना तालुकावार न आखता खोरेवार व केंद्रवार आखावी. प्रत्येक शाळेच्या आवारात, वर्गात व वाडीवर लहर किती पोचते याची मोजणी पावसाळ्यात व उन्हाळ्यात अशी दोनदा करावी. घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर धुके, पाऊस व खंडित वीज यांमुळे परिस्थिती निराळी असते. मे महिन्यात केलेली पाहणी जुलैत खोटी ठरते.

दुसरे सूत्र क्रमाचे. आजवर प्रत्येक योजना रस्त्याकडेच्या शाळांपासून सुरू झाली आणि डोंगराकडे जाता जाता तिचा निधी किंवा उत्साह संपला. आरंभ पश्चिमेकडून करावा. जे साहित्य आहुप्यात जोडणीवाचून चालेल ते मंचरला चालेलच. याच्या उलट घडत नाही. म्हणून साहित्य यंत्रात आधीच साठविलेले असावे आणि जोडणी ही जोड समजावी, पाया समजू नये.

तिसरे सूत्र ताब्याचे. यंत्र शाळेचे असावे, परंतु ते मुलांच्या गटास सायंकाळी वाडीवर वापरता यावे. त्यासाठी झीज व मोडतोड ही वापराची स्वाभाविक परिणती आहे असे नियमातच लिहिलेले असावे. कपाटाचे कुलूप उघडण्याचा दुसरा उपाय नाही.

चौथे सूत्र खर्चाचे. खरेदीचा खर्च एकदाच होतो. दुरुस्ती, वीजबिल व जोडणीचे शुल्क दरवर्षी लागते. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतून ५ टक्के अबंध निधी थेट देण्याचा निर्णय २०१५ साली झाला. त्याच्या विनियोगात शिक्षणाचाही अंतर्भाव आहे. ग्रामसभेने त्यातून लहानसा वार्षिक हिस्सा दुरुस्तीस ठेवल्यास आश्रमशाळा व जिल्हा परिषदेची शाळा यांतील खातेनिहाय दुभंगही काही अंशी सांधता येईल. कारण ग्रामसभेच्या दृष्टीने दोन्ही शाळांतील मुले गावाचीच आहेत.

पाचवे सूत्र परतीच्या आवाजाचे. श्रोतामंडळाचे पत्र पुण्यास जात असे, त्याचप्रमाणे शाळेकडून केंद्राकडे व केंद्राकडून साहित्य निर्माण करणाऱ्यांकडे नियमित मजकूर जावा. कोणता पाठ समजला नाही, कोणता शब्द मुलांच्या बोलीत निराळा आहे, कोणते चित्र त्यांना अनोळखी वाटले, हे कळल्याखेरीज साहित्य सुधारत नाही. अशी नोंद ठेवणाऱ्या शिक्षकास त्यासाठी वेळ मिळावा. इतर अहवालांच्या ओझ्यावर आणखी एक अहवाल म्हणून ती लादली जाऊ नये.

समारोप

या सर्व विवेचनावर एक आक्षेप संभवतो. १९५६चा प्रयोग प्रौढांचा होता, तो जेमतेम दहा आठवडे चालला आणि त्यामागे तज्ज्ञांचे बारीक लक्ष होते. त्यावरून शाळकरी मुलांच्या दीर्घकालीन योजनेविषयी अनुमान काढणे कितपत युक्त, असे विचारता येईल. आक्षेप रास्त आहे. परंतु पुढील दशकांत लक्ष काढून घेतल्यावर काय झाले, हेही आपल्यासमोर आहे. आणि ते त्या प्रयोगाच्या निष्कर्षाला दुजोराच देते. लक्ष होते म्हणून प्रयोग यशस्वी झाला, हे म्हणणे प्रयोगाचे खंडन करीत नाही. लक्ष हाच योजनेचा खर्चाचा मुख्य भाग आहे आणि अंदाजपत्रकात त्याला शीर्ष असले पाहिजे, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

संशोधनाच्या दृष्टीने या क्षेत्रात पुष्कळ काम करण्याजोगे आहे. जिल्हा परिषद व केंद्रशाळांच्या जडवस्तुसंग्रह नोंदवह्यांतून कोणते यंत्र कधी आले, कधी नादुरुस्त ठरले व कधी निर्लेखित झाले याचा मागोवा घेता येईल. श्रोतामंडळांत भाग घेतलेल्या पिढीतील माणसे आता विरळ झाली आहेत. त्यांच्या आठवणींची मौखिक नोंद तातडीने व्हावयास हवी. शासनाच्या योजनांचा इतिहास आजवर मंजुरीच्या तारखांवरून लिहिला गेला. तो निर्लेखनाच्या तारखांवरून लिहिला गेल्यास अधिक सत्य हाती येईल, आणि पुढील योजना आखणाऱ्यांना त्याचा उपयोगही अधिक होईल.